छोटं कासव रात्री परसात ठेवताय? गोव्यात राहणाऱ्यांनी आधी हे बघा

नमस्कार मंडळी. डिचोलीहून बोलतेय. तुमच्याकडे तळहातावर मावेल एवढं जमिनीवरचं कासव आहे, दिवसभर ते परसात फिरतं, चरतं. मग रात्री त्याला तिथंच राहू द्यायचं का? आज एवढाच विषय.

माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. कवचाची लांबी दहा-बारा सेंटिमीटरच्या आत असेल, तर दिवेलागणीला कासव घरात. त्याहून मोठं असेल तर बाहेर झोपू द्या, पण चारी बाजूंनी, वरून आणि खालूनही बंद असलेल्या पेटीत. नुसतं कुंपण घालून मोकळं सोडायचं नाही. आणि जून ते सप्टेंबर, कासव कितीही दणकट दिसत असलं तरी, पेटी पडवीत.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ती टाळून हा व्हिडिओ करणं मला पटत नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं भारतीय तारा कासव पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, आणि तुरुंगवास होऊ शकतो. पावसात शेतातून, व्हाळातून कधी कधी अंगणात एखादं कासव येतं, तेही उचलून ठेवायचं नाही. त्याची वाट त्याला ठाऊक असते. जखमी असेल तर वनखात्याला फोन करा. परदेशी जातींची कासवं, म्हणजे रेड फूट, सुलकाटा, हर्मन, यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या वेबसाइटवर करावी लागते. नोंद नसेल तर आधी ते काम हातात घ्या.

(कॅमेरा परसाकडे)

आता रात्र. इंटरनेटवर या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले आहेत. त्यात निम्मा वेळ हीटर, दिवे, थर्मोस्टॅट. आपल्याकडे किनारपट्टीला जानेवारीतली रात्रसुद्धा साधारण वीस अंशांच्या आसपास असते. आत डोंगरांकडे, सत्तरी-सांग्याच्या बाजूला जरा जास्त गारवा, पण कोरड्या पेटीत निरोगी कासवाला तो सोसतो. म्हणून बाहेरच्या पेटीत दिवा लावू नका. दमट हवा, उघडी वायर आणि सुकलेला पालापाचोळा एकत्र आले की आग किंवा शॉक, दोन्हींची भीती. आपल्याकडे कासवाच्या जिवावर उठतात ती दोन कारणं: पाणी आणि दात.

दातांचं आधी सांगते. रात्री तुमच्या परसात कोण कोण येऊन जातं ते तुम्हाला दिसत नाही, पण सकाळी कोपऱ्यात उकरलेली माती दिसते ना, ती घुशीची. घूस आणि उंदीर या प्रकरणात सर्वांत वाईट, असं मी म्हणेन. झोपलेलं कासव पाय आत ओढून निपचित पडून राहतं. ते पळत नाही, ओरडत नाही. उंदीर शेपटीपासून, मागच्या पायापासून कुरतडायला लागतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. उदमांजर झाडावरून उतरतं, त्यामुळे भिंत कितीही उंच बांधली तरी वरून छप्पर नसेल तर उपयोग नाही. कोल्हे वस्तीच्या कडेपर्यंत येतात. आणि कुत्री. मंडळी, कवच म्हणजे नखासारखा निर्जीव थर नव्हे. वरच्या पातळ थराखाली जिवंत हाड आहे, त्यात रक्त आहे, संवेदना आहे. कुत्रा ते हाड म्हणूनच चघळतो. तुमचा स्वतःचा, लाडका, दिवसभर कासवाशेजारी शांत बसणारा कुत्राही रात्री एकटा सापडला की तेच करू शकतो. त्याला दोष देऊन काय होणार? त्या दोघांना रात्री एकत्र सोडायचं नाही, हे आपल्या हातात आहे.

पहाटे पाळी बदलते. मुंगूस आणि घोरपड उजेडात फिरणारे प्राणी, आणि कावळे तर फटफटताच हजर. म्हणून पेटी रात्रीपुरती बंद केली असं समजू नका. सूर्य मावळायच्या आधी बंद, आणि सकाळी तुम्ही स्वतः बाहेर वावरायला लागलात की उघडायची.

यातली बरीच मंडळी वासाने येतात. रेड फूट कासवाला आपण केळं, पपई देतो. त्याची साल, उरलेला तुकडा कुंपणात राहिला की मुंग्या, मग उंदीर, मग उंदरामागून साप. एप्रिल-मेमध्ये आंबे-फणस झाडाखाली सडतात, तेव्हा तर जत्राच भरते. संध्याकाळी खाणं उचलायचं, झाडाखालचं वेचायचं.

(कॅमेरा पेटीवर)

ही पेटी बघा. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच. मरीन प्लायची, म्हणजे पाण्यात न फुगणाऱ्या प्लायवूडची आहे, फणसाच्या फळ्यांचीही चालते. झाकण बिजागरीचं, वर पत्रा, आणि तो पुढे वळचणीसारखा बाहेर काढलेला, म्हणजे पागोळ्या दारात पडत नाहीत. समोरासमोरच्या भिंतींना वरच्या बाजूला हवेसाठी भोकं, त्यांवर जाळी. जाळी कुठली घेता हे महत्त्वाचं. हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांसाठीची पातळ षट्कोनी जाळी देतील, ती घेऊ नका. कुत्रा ती ओढून फाडतो, आणि भोकं मोठी असतील तर उंदीर सरळ आत जातो. वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी मागा, अर्ध्या इंचाची, गॅल्व्हनाइझ केलेली. तीच तळालाही ठोका, फळीच्या खालून. आणि कडीला कुलूप लावा. कासवं चोरीलाही जातात.

पेटीला चार पाय आहेत. प्रत्येक पायाखाली एक चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, चिऱ्यावर पाण्याची स्टीलची वाटी, वाटीत पाय. घरातल्या जुन्या जाळीच्या कपाटाचे पाय आजी असेच पाण्यात ठेवायची, तेच इथं. मुंग्या चढत नाहीत. लाल मुंग्यांना किरकोळ समजू नका. छोट्या कासवाच्या डोळ्यांना, नाकपुड्यांना त्या झोंबतात आणि ते त्यांना झटकू शकत नाही. त्यासाठी खडू, पावडर, फिनेल पेटीच्या आसपास अजिबात नको, कासव जमिनीला पोट आणि नाक लावून चालतं, सगळं त्याच्या अंगात जातं. वाटीतलं पाणी दोन दिवसांनी ओता, नाहीतर डासांची सोय होईल. चढायला उतरती फळी, तिच्यावर काथ्या ठोकलेला म्हणजे पाय घसरत नाहीत. संध्याकाळी दार लावलं की ही फळी काढून ठेवायची, नाहीतर मुंग्यांना तोच पूल.

आत सुकी पानं आणि थोडा काथ्याचा भुसा. रेड फूटसाठी तो किंचित ओलसर, हर्मन-सुलकाटासाठी कोरडा. भाताचा पेंढा मी टाळते, आपल्या हवेत त्याला लगेच बुरशी धरते.

पेटीची जागा ठरवताना वर बघा. माडाखाली नको! नारळ किंवा झावळी रात्री कधीही पडते. सखल कोपऱ्यातही नको.

पाण्याचं आता. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा त्या चार महिन्यांत. चिऱ्याच्या भिंतींचं छान कुंपण बांधलेलं असतं, पण पाणी निघायला वाट ठेवलेली नसते. अशी चौकट तासाभरात हौद होते. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. भिंतीच्या तळाशी निचऱ्याची भोकं ठेवा, त्यांनाही जाळी लावा. पिण्याच्या पाण्याला उथळ मातीचा परळ पुरे, पाणी हनुवटीच्या वर जाता कामा नये. सुलकाटा तर आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातलं. आपल्या आषाढातल्या ओल्या जमिनीवर त्याला रात्र काढायला लावू नका. तसं ते वाढून पन्नास किलोंच्या घरात जातं, तेव्हा घेण्याआधीच दहादा विचार करा.

कोपऱ्यांत दगड रचू नका. कासव चढतं आणि उलटं पडतं. फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली असतात, उलटं पडलं की सगळ्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो. रात्री आठला उलटलं तर सकाळपर्यंत टिकेलच असं नाही.

सवय लावायला वेळ लागतो. पहिले काही आठवडे रोज तुम्हीच उचलून आत ठेवा, मग बहुतेक कासवं ऊन उतरलं की आपणहून पेटीकडे वळतात. तरी दार लावताना आत हात घालून खात्री करा. "असेल आत" म्हणून कुलूप लावायचं नाही.

सकाळी मात्र हात आधी घालू नका. झाकण उघडा, टॉर्च मारा, काठीने पानं बाजूला करा. फट राहिली असेल तर सुक्या पानांत घोणस किंवा मण्यार बसलेली असू शकते. मग कासव बाहेर काढा आणि बघा: डोळे उघडे आहेत का, नाकाशी बुडबुडे येतात का, तोंड उघडून श्वास घेतंय का. बुडबुडे दिसले तर कोरड्या, उबदार खोलीत ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. घरातली माणसांची औषधं देऊ नका. पावसाळ्यात शेपटीखाली, पायांच्या खाचांतही बघा. बारीकशा जखमेवर माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात.

शेवटचं, चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं. आपल्यातले निम्मे लोक चवथीला मूळ घरी जातात, पाच-सात दिवस. ऐन पावसात. तेव्हा कासवाला सोबत न्यायचं नाही, तिथं माणसांची गर्दी, फटाके, लहान मुलं. शेजाऱ्यांना आठवडाभर आधी दोन संध्याकाळी बोलवा, त्यांच्या हातून कासव आत ठेववून घ्या, फळी काढायला आणि कुलूप लावायला लावा. किल्ली त्यांच्याकडे, पशुवैद्यांचा नंबर पेटीच्या झाकणावर लिहिलेला. आणि रोज सातच्या आरतीआधी त्यांच्याकडून एक फोटो मागवा, ज्यात कासवही दिसेल आणि कुलूपही.