पाच बाय पाचचं आकाश: खगोलाचं छोटं शब्दकोडं सोडवू या

राम राम मंडळी! बरं शे ना?

आज एक पेन्सिल घ्या, आणि भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यावरून काढून जवळ ठेवा. रोजचं छोटं शब्दकोडं, पाच बाय पाच घरांचं, आणि विषय खगोल. विषय वाचला की बरेच जण "आपल्याला कुठं दुर्बिणीतलं कळतं" म्हणून पान उलटतात. अहो, दुर्बीण लागतच नाही. यातले निम्मे शब्द आपल्या घरात पेरणीच्या, पावसाच्या, सणावाराच्या निमित्तानं वर्षभर बोलले जातात. कपाशीवाल्या घरातल्या पोराला मृग, आर्द्रा, हस्त हे शब्द बाराखडीच्या आधी माहीत असतात. फक्त ते खगोलाचे आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं.

आधी घरांचा हिशेब. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. आता 27 नक्षत्रं घरांत बसवून बघा. पूर्वा आणि उत्तरा अशी छोटी नावं धरली, तर दोन घरांची 10 निघतात आणि तीन घरांची 10. मृग, मघा, हस्त, चित्रा, मूळ ही दोनची. भरणी, रोहिणी, श्रवण, रेवती ही तीनची. चार घरांची तीनच: पुनर्वसू, अनुराधा, पूर्वाषाढा. पाचची दोन: उत्तराषाढा आणि शततारका. राहिल्या दोन्ही भाद्रपदा, त्या सहा आणि सात घरांच्या, म्हणजे आपल्या चौकटीबाहेर. थोडक्यात, "नक्षत्र, दोन घरं" असं आलं की आकाशभर फिरायचं नाही, दहा नावांत शोधायचं.

चला, एक कोडं सोडवूच.

[पाटीवर चौकट. सूचना एकेक करून वाचायच्या.]

2 आडवा, तीन घरं: "बलरामाची पत्नी, नक्षत्रांत शेवटची." हे सोपं. रेवती. रे, व, ती.

त्यातल्या 'ती'वर वरून उतरतो 1 उभा, दोन घरं: "हिच्या थेंबाचा मोती होतो म्हणे." शेवटी 'ती' मिळालेलीच आहे. स्वाती.

मधल्या 'व'पासून खाली 3 उभा, तीन घरं: "अरुंधतीचा शेजारी." सप्तर्षींच्या शेपटीत तीन तारे आहेत ना, त्यातला मधला बघा. त्याला खेटून बारीकशी अरुंधती दिसते, लग्नात नवरीला दाखवतात तीच. तो मधला तारा वसिष्ठ. व, सि, ष्ठ.

आता जरा थांबा, खरी गंमत इथं आहे. 5 आडवा, दोन घरं, दुसरं घर वसिष्ठच्या शेवटच्या अक्षरावर: "पौर्णिमेचा चंद्र विंचवाच्या लाल ताऱ्याजवळ." पेन्सिल लगेच ज्येष्ठा लिहायला धावते. लाल तारा ज्येष्ठा, बरोबर. पण घरात 'ष्ठ' आहे, काना नाही! म्हणजे विचारलाय महिना: ज्येष्ठ, वटपौर्णिमेचा. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याला नाव पडतं. म्हणून जोड्या बघा: चैत्र-चित्रा, माघ-मघा, पौष-पुष्य, श्रावण-श्रवण. प्रत्येक जोडीत घरं अगदी सारखी! नुसती घरं मोजून इथं काहीच ठरत नाही, आडव्या-उभ्याचं सामाईक अक्षरच निकाल देतं. म्हणून अशा जागी आधी छेदणारा शब्द सोडवायचा. कोडं रचणाऱ्यांना ही जागा फार आवडते, आणि मलाही. उगाच "एक तारा, दोन घरं" अशी सूचना देण्यापेक्षा ही शंभर पटीनं बरी.

उजवीकडं 4 उभा: "फोबोस आणि डिमोस याचे चंद्र." मंगळ. हे पाठच लागतं, त्याला इलाज नाही. मधल्या 'ग'वर येऊन संपतो 6 आडवा, दोन घरं: "पेरणीला बोलावतं, पण दर्शन देतं थंडीत." मृग! झालं कोडं.

[पाटी बाजूला.]

ही शेवटची सूचना नीट समजून घ्या, कारण पावसाच्या नक्षत्रांवरच्या अर्ध्या सूचना याच धाटणीच्या असतात. "7 जूनला मृग लागला" म्हणजे काय? आकाशात सूर्य त्या नक्षत्रात आलेला असतो. सूर्यासोबत मृग उगवणार, सूर्यासोबत मावळणार, आणि दिवसाच्या उजेडात आपल्याला तो दिसणार कसा? रात्री बघायचा तर सहाएक महिने थांबा. डिसेंबर-जानेवारीत गव्हाला पाणी द्यायला रात्री शेतात गेलात की मृग डोक्यावर, पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या बाणाच्या रेषेत खाली लखलखणारा व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तो. "सगळ्यात तेजस्वी, दोन घरं" आलं आणि पहिल्या घरात 'ध्रु' लिहिलंत, तर खोडरबर काढा. ध्रुव तेजस्वी नाही, स्थिर आहे. त्याच्यासाठी वेगळी सूचना येते: "जळगावातून उत्तरेला साधारण 21 अंशांवर." जळगावाचा अक्षांश 21, म्हणून ध्रुवाची उंचीही तितकीच. हात लांब करून मूठ धरली की अंदाजे 10 अंश होतात. क्षितिजापासून दोन मुठी मोजा. तोरणमाळला गेलात तर हे नक्की करून बघा, आकाश काळंभोर मिळतं.

आता परदेशी नावं. इथं घरं मोजणं कामी येतं. "1781 साली दुर्बिणीतून सापडलेला ग्रह": तीन घरं असतील तर हर्षल, चार असतील तर युरेनस. "2006 पर्यंत नववा ग्रह" म्हणजे प्लूटो. शनीचा मोठा चंद्र टायटन. हे दहा-पंधरा शब्द पुन्हा पुन्हा येतात, आठवड्याभरात तोंडपाठ होतील. वैताग फक्त गुरूचा. कुणी 'गुरु' ऱ्हस्व लिहितं, कुणी 'गुरू' दीर्घ, आणि छेदणारा शब्द अडतो. मराठीच्या नियमानं शेवटचा उकार दीर्घ, पण रचणारा तो पाळेलच असं नाही. तिथं पेन्सिल हलकी चालवा.

चाळीसगावकरांनी मात्र एक शब्द सोडायचा नाही. "भास्कराचार्यांच्या ग्रंथातला गणिताचा भाग, चार घरं." लीलावती! तो ग्रंथ सिद्धांतशिरोमणी, 1150 सालचा. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवानं मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात मिळाला. शेवटी 'ती' असल्यानं हा शब्द रेवती-स्वातीशी छान जुळतो, म्हणून कोड्यात हमखास येतो.

तुमच्यासाठी आज दोन सूचना. "तरणा पाऊस", चार घरं. "म्हातारा पाऊस", दोन घरं, पहिलं अक्षर 'पु'. फोन उघडण्याआधी घरात ज्यांनी पेरण्या केल्यात त्यांना विचारा. उत्तरं उद्याच्या व्हिडिओत, नव्या चौकटीसोबत.