बंद नळीतली ये-जा

ही काचेची नळी पाहा. तोंड वितळवून कायमचं बंद केलंय. आत तपकिरी वायू आहे, नायट्रोजन डायऑक्साइड. नळी बर्फात ठेवली, की रंग उडू लागतो. दोन-दोन रेणूंच्या जोड्या जुळतात, आणि या जोडीला, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडला, रंगच नसतो. आता तीच नळी गरम पाण्यात. जोड्या सुटल्या, तपकिरी रंग परत आला. कितीही वेळा करा. आत काही घातलेलं नाही, बाहेर काही गेलेलं नाही.

अभिक्रिया अशी उलटही फिरते, हे एकेकाळी कुणाला सहज पटत नसे. 1798 साली नेपोलियनसोबत इजिप्तला गेलेल्या बेर्तोले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला खाऱ्या तळ्यांच्या काठी धुण्याच्या सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले, की चुनखडी आणि मीठ मिळतं. इथं चुनखडी आणि मिठापासूनच सोडा तयार होत होता! मीठ अफाट, म्हणून सगळं उलट्या दिशेनं चाललेलं. बेर्तोलेनं पुढे काढलेले सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. हे निरीक्षण मात्र टिकलं.

आता नळी टेबलावर ठेवू. थोड्या वेळानं रंग एका छटेवर थांबतो. आतलं काम संपलं? मुळीच नाही. जितक्या जोड्या जुळतायत, तितक्याच त्याच वेळी तुटतायत. हाच रासायनिक समतोल.

पण हे कशावरून? असाच समतोल विरघळण्यातही असतो, आणि तिथं तो पकडता येतो. लेड आयोडाइडचं संपृक्त द्रावण घ्या, म्हणजे ज्यात आणखी कणभरही विरघळणार नाही असं. त्यात त्याच क्षाराची भुकटी टाका, पण किरणोत्सारी आयोडीन असलेली. द्रावण होतं तेवढंच तीव्र राहतं. तरी काही वेळानं गाळून तपासलं, तर द्रवात किरणोत्सार सापडतो. भुकटीतलं आयोडीन बाहेर आलंय, आणि द्रवातलं तेवढंच त्याच्या जागी जाऊन बसलंय.

कारखानदाराला मात्र हा समतोल डोकेदुखी. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनतो, तसा मोडतोही. वातावरणाच्या सुमारे 200 पट दाब, 450 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान, अभिक्रियेचा वेग वाढवणारं लोहाचं उत्प्रेरक, इतकं करूनही एका फेरीत बराचसा वायू तसाच उरतो. त्यावर उपाय साधा आहे: बनलेला अमोनिया काढून घ्यायचा, आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडायचा. मग पुन्हा. आणि पुन्हा.