बाबांच्या हातची खांदशेकणी

श्रोतेहो, नमस्कार.

पोळा तोंडावर आला आहे. तुमच्यापैकी कोणी आत्ता गोठ्यात असेल, कोणी डवरणीचा, म्हणजे बैलानं पिकातलं तण काढायचा शेवटचा फेर आटोपून धुऱ्यावर टेकलं असेल, तर कोणा घरी डाळ निवडता निवडता रेडिओ सुरू असेल. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावची लेक. शाळेत शिकवते, राहते वर्ध्याला. आज मला माझ्या बाबांच्या पोळ्याबद्दल बोलायचं आहे. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. शेती भाऊ पाहतो. दाव्याला एक जोडी उरली आहे, गवळाऊ जातीची, पांढरी शुभ्र. हे आमच्या वर्धेकाठचं वाण. रेंगीला जुंपलं की असं पळतं की बसणाऱ्यानं दांडी धरूनच बसावं.

आधी २०२३ चा पोळा सांगते. त्या वर्षी श्रावणच अधिक आला, म्हणून पोळा पार १४ सप्टेंबरला गेला. ऑगस्ट तर १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माना टाकून उभी होती. घरात सगळ्यांचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यात बाबांच्या हाताला कंप सुटलेला, डोळ्यात मोतीबिंदू, आणि रक्तात साखर निघालेली. आम्ही भावंडांनी मिळून ठरवलं की यंदा बाबांना कसलाच त्रास द्यायचा नाही. कासरा भाच्यानं धरला. शिंगांना हिंगूळ भावानं लावला. बैल घेऊन दारात येणाऱ्यांना द्यायचे बोजाऱ्याचे पैसेही त्यानंच वाटले. आणि बाबांच्या ताटातली पुरणपोळी मी काढून घेतली, तिथं ज्वारीची भाकर ठेवली.

"बाबा, तुम्ही बसा." त्या दिवशी हे वाक्य आम्ही किती वेळा म्हटलं असेल! ते उठायला लागले की कोणीतरी म्हणायचंच, "बाबा, तुम्ही बसा ना." शेवटी ते बसले. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल दारात आले, वहिनी आरतीचं ताट घेऊन उभी राहिली, तर बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेले. मी हाक मारली, "बाबा, बैल आले." ते वळले नाहीत. म्हणाले, "तुमीच करा आता. माह्यं काय काम हाये?"

श्रोतेहो, ज्या माणसानं साठ वर्षं बैलाला घास दिल्याशिवाय स्वतः घास घेतला नाही, त्याच्या तोंडून हे ऐकणं फार कठीण होतं. आम्ही प्रेमापोटीच केलं होतं सगळं. पण प्रेमापोटी आम्ही त्यांचा सण त्यांच्या हातून काढून घेतला होता.

पुढच्या वर्षी पोळा २ सप्टेंबरला आला, सोमवारी. म्हणजे आदल्या दिवशीची खांदशेकणी, बैलांचे खांदे शेकायचा दिवस, आली रविवारी. मी आदल्या रात्रीच गावी पोचले. झड लागली होती. सकाळी भाऊ गोठ्यात पाणी तापवत होता. मी बाबांना म्हटलं, "बाबा, लोणी किती अन् हळद किती घ्यायची, मला काही समजत नाही. तुम्ही दाखवता का?" खरं सांगते, मला खरोखरच माहीत नव्हतं. आमच्याकडे हे काम बाप्यांचं. आम्ही पोरी चुलीपाशी.

बाबा उठले. काठी घेतली. गोठ्यात त्यांच्यासाठी एक पाट टाकला, पण ते बसले नाहीत, गव्हाणीला टेकून उभे राहिले. वाटीतलं लोणी तळहातावर घेतलं, हळद त्यात कालवली. हात थरथरतच होता. तो हात बैलाच्या खांद्यावर टेकला आणि थरथर थांबली. मी अगदी शेजारी उभी होते, डोळ्यांनी पाहिलं. बोटं मानेवरून वशिंडाकडे सरकत गेली, जिथं जू बसतं तिथं. ती कातडी टणक झालेली असते, जुन्या चपलेच्या तळासारखी. बाबा डोळे मिटून ती चाचपत होते. एका जागी बोट थांबलं, मागं आलं, पुन्हा थांबलं.

"हे पाय," ते भावाला म्हणाले, "डाव्याचा खांदा आला हाये. आतून गरम लागते. दिसून नाई रायलं, पण हाये."

भावानं हात लावला. त्याला काही कळेना. बाबांनी त्याचा पंजा धरला, त्याची दोन बोटं त्या जागी ठेवली, मग दुसऱ्या खांद्यावर त्याच जागी ठेवली. "आता सांग." तेव्हा कळलं त्याला. मलाही हात लावू दिला. उजवा खांदा थंड, डावा कोमट, आणि खाली लिंबाएवढी गाठ. जू एका अंगाला घासत होतं. तो बैल पंधरा दिवस जुंपायचा नाही, असं तिथल्या तिथं ठरलं. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकांनी पाहिलं. म्हणाले, वेळेवर ध्यानात आलं, नाहीतर फुटून जखम झाली असती.

त्या दिवशी मला उमगलं की पोळ्याच्या आदल्या दिवशीच खांदशेकणी का. मृगापासून बैल जुवाखाली असतात. पेरणी झाली की डवरणीचे फेर, एकामागून एक. श्रावण सरता सरता पऱ्हाटी आणि तुरी डवऱ्याच्या वर निघून जातात, मग बैल मोकळे होतात. वर्षभरातली सगळ्यात जास्त ओढ त्यांनी नुकतीच ओढलेली असते. अशा वेळी कोमट पाण्यानं शेकायचं, लोणी-हळद चोळायची, आणि चोळता चोळता बोटांनी सगळा खांदा वाचून काढायचा. पूजा आहेच ती. पण त्या पूजेच्या पोटात ही तपासणी आहे. ती पोथीत नाही, ती बाबांच्या दोन बोटांत आहे. २०२३ मध्ये आम्ही चमच्यानं लोणी लावलं होतं.

चोळून झाल्यावर बाबा बैलाच्या कानाशी वाकले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दोघांनाही सांगितलं, आधी उजव्याला, मग डाव्याला. सगळं घर म्हणतं हे वाक्य. पण बाबा म्हणतात तेव्हा बैल कान हलवतो. त्याला तो आवाज ओळखीचा आहे.

त्यानंतर आम्ही 'तुम्ही बसा' हे वाक्य सोडून दिलं. आता काम वाटून घेताना आधी पाहतो की बाबांचे हात कुठे पोचतात. कासरा ते धरू शकत नाहीत. बैलानं हिसका दिला तर पडतील. तिथं हट्ट करू दिला नाही, आणि ते योग्यच होतं. पण म्होरकीला गोंडा कुठे बांधायचा, झूल किती मागं सरकवायची, हे सांगायला खुर्चीवर बसून चालतं. पोळा गावाबाहेर मारुतीपुढं भरतो. तिथवर आधी ते जोडीच्या पुढं चालत जायचे. आता आम्ही त्यांना दुपारीच, गर्दी व्हायच्या आधी नेतो. सोबत खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली. गोळ्यांची वेळ सण असला तरी चुकवत नाही. वाजंत्री अगदी कानाशी आली की त्यांना गरगरतं, म्हणून खुर्ची तोरणाच्या दुसऱ्या अंगाला, पिंपळाच्या पारापाशी.

पुरणपोळीचंही सांगते, कारण हा प्रश्न घरोघर आहे. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बाबांचे कागद पाहून सांगितलं की सणाला अर्धी पोळी तूप घालून खाऊ द्या, त्या जेवणातला भात-भाकर तेवढा कमी करा. तुमच्या घरच्या माणसाचा हिशेब वेगळा असू शकतो, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण विचारा जरूर. मी न विचारता ताट रिकामं केलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता कढी-वडे असतात, कोहळ्याची भाजी असते, आणि अर्धी पोळी. बाबा ती शेवटी खातात, चार घास पुरवून पुरवून.

आता झडतीची गोष्ट. आपल्या विदर्भातला पोळा झडत्यांशिवाय फुटत नाही. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि एकेक जण खड्या आवाजात झडती टाकतो. शेवटी सगळं गाव एका सुरात, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!" आमच्या बाबांची एक स्वतःची झडती आहे, तरुणपणी रचलेली.

चाकोरीनं चाल बैला, धुरा सोडू नोको,
पऱ्हाटीच्या बोंडावर डोळा ठेवू नोको,
सावकाराच्या वहीत माह्यं नाव लिवू नोको.

त्या वर्षी पोरांनी त्यांना आग्रह केला. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. पहिली ओळ आली, दुसरी आली, आणि तिसरीपाशी ते थांबले. आठवेना. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मी उठून सांगणार होते. भावानं माझा हात दाबला. तेवढ्यात समोरच्या अंगानं, जोड्यांच्या पलीकडून, एक थकला आवाज आला, "सावकाराच्या वहीत..." आमच्याकडे पंधरा-वीस वर्षं सालानं असलेले काका होते ते. बाबांनी तिकडे पाहिलं, मान हलवली, आणि दोघांनी मिळून ओळ पुरी केली. मग जो हर हर महादेव झाला, तो मी अजून विसरले नाही. भाच्यानं ते सगळं मोबाइलमध्ये घेतलं आहे. थांबलेला क्षणही त्यात आहे. आम्ही तो कापला नाही.

काकांची गोष्ट निघाली म्हणून सांगते. आमच्याकडे पोळ्याला सालदाराला नवे कपडे असायचे आणि बाबांच्या पंगतीला ताट असायचं. साल सुटलं, काका आता मुलाकडे राहतात. कपड्यांचा रिवाज मध्ये आम्ही बंद केला होता. झडतीच्या दुसऱ्या वर्षी बाबांनी आठवण दिली आणि तो पुन्हा सुरू झाला. दोघं म्हातारे शेजारी बसून जेवतात. बोलत फारसे नाहीत. एखाद्या जुन्या बैलाचं नाव निघतं, आणि मग हा असा होता, तो तसा होता, एवढंच चालतं.

बोजारा मात्र आता पूर्णपणे बाबांचा. मी बँकेतून दहाच्या कोऱ्या नोटा आणते. ते पोळ्याच्या सकाळी त्या मोजतात, उशीखाली ठेवतात. संध्याकाळी बैल घेऊन जे कोणी दारात येतात, त्यांना आपल्या हातानं देतात. नोट देताना पोराचं नाव विचारत नाहीत, बापाचं विचारतात. "कोनाचा रे तू?" पोरगं सांगतं, मग त्याच्या आज्याची एखादी गोष्ट त्याला ऐकायला मिळते. रांग लांबते. लांबू द्यायची. कधी दोन पिढ्यांची नावं उलटसुलट होतात, एका घरचा आजा दुसऱ्या घरी जातो. पूर्वी मी लगेच दुरुस्त करायची. आता करत नाही. पोराला खरं नाव माहीत असतंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या भोसल्यांकडे, दुसऱ्या रघुजींच्या काळात तो लेकरांसाठी सुरू झाला, असं सांगतात. आमच्या घरी बाबांनी सागाच्या लाकडाचा केलेला बैल आहे. माझा भाऊ तो ओढायचा, आता नात ओढते. एक चाक तुटलं होतं. बाबांना किकरं धरवत नाही, म्हणून त्यांनी भावाला जवळ बसवून चाक करून घेतलं. तीन दिवस लागले. चाक पुरतं गोल नाही झालं, बैल थोडा लंगडतो.

कित्येकांच्या दाव्याला आता बैल नाहीत. ट्रॅक्टर परवडतो, बैल परवडत नाही. मी कोणाला दोष देत नाही. ज्या तोरणाखाली जोड्या मावत नव्हत्या, तिथं आता जागा उरते. पण बैल विकले म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या हातातली ओळख जात नाही. आमच्या शेजारच्या घरी बैल नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या आजोबांना आम्ही खांदशेकणीला आमच्या गोठ्यात बोलावलं. ते आले, एका बैलाचा खांदा त्यांनी चोळला, एकाचा बाबांनी. तुमच्या गल्लीतही असा एखादा म्हातारा ओट्यावर बसलेला असेल. त्याला या चार दिवसांत बोलवा. पाट टाका, लोण्याची वाटी हातात द्या.

परवा बाबांचा फोन आला होता. सामान सांगत होते आणि मी लिहून घेत होते. हिंगूळ. वेसणीसाठी सुती दोरी, नायलॉनची नको, नाकाला कापते. काकांसाठी धोतराचं पान. "अन् नोटा," ते म्हणाले, "औंदा दोन जास्त आनजो. मांगच्या साली दोन पोरं तशीच गेली होती."

हिंगूळ मी काल घेतला. दोरी आर्वीच्या बाजारात घेईन. बँकेत उद्या जाते.

नमस्कार.