जेनोवाचा हिवाळा आणि 8 सेकंदांची टेप

[दृश्य: बंदर, मागे डोंगर]

हे जेनोवा. पाठीशी आपेनीनचे डोंगर, पुढ्यात लिगुरियन समुद्र. हिवाळ्यात खिंडींमधून उत्तरेचा वारा थेट शहरात उतरतो. त्याचं नाव त्रामोन्ताना.

रॉक बँड आणि व्हायोलिनवृंद एकत्र आणणाऱ्या इटालियन सिम्फॉनिक प्रोगचं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचं, हे महत्त्वाचं गाव. न्यू ट्रोल्स इथलेच. संगीतकार लुईस बाकालोव्ह यांच्यासोबत 1971 साली त्यांनी 'कॉन्चेर्तो ग्रोस्सो' हा अल्बम केला. लात्ते ए मिएले, डेलिरियम हे बँडही याच शहरातले.

[दृश्य: अल्बमचं मुखपृष्ठ]

त्याच वाटेवरचा पुढच्या पिढीतला माणूस म्हणजे बेसवादक आणि संगीतकार फाबियो झुफान्ती. होस्टसोनाटेन या आपल्या प्रकल्पातून त्यांनी चार ऋतूंचे चार अल्बम करायला घेतले. वसंत आधी झाला. मग 2008 साली हिवाळा आला, 'विंटरथ्रू'. शरद 2009 मध्ये, उन्हाळा 2011 मध्ये. 1725 साली छापल्या गेलेल्या विवाल्दीच्या चार ऋतूंशी हे नातं उघड आहे. विवाल्दीने सोबत कविता दिल्या होत्या. 'विंटरथ्रू'मध्ये गायन नाही. बर्फ, वारा, वाट, जे काही सांगायचं ते वाद्यांनीच.

[दृश्य: मेलोट्रॉनचं झाकण उघडतं]

आणि या धाटणीत थंडी आणायची म्हटली की पहिला मान मेलोट्रॉनच्या व्हायोलिनचा. मेलोट्रॉन म्हणजे टेपवर आधीच ध्वनिमुद्रित केलेले वाद्यांचे सूर वाजवणारं, पट्ट्यांचं वाद्य. तो आवाज कुठून येतो, ते नीट बघा.

हे 1970 साली आलेलं एम-400 मॉडेल. वजन 50 किलोहून जास्त. पट्ट्या 35, आणि प्रत्येक पट्टीखाली 3/8 इंच रुंदीची एक स्वतंत्र टेप. टेपवर शेजारी शेजारी तीन ट्रॅक, म्हणजे तीन वेगळी वाद्यं. बटण फिरवलं की टेपवरचा आवाज उचलणारे हेड आडवे सरकतात आणि वाद्य बदलतं. बटण अधेमधे ठेवलं तर शेजारची दोन वाद्यं एकदम वाजतात.

[दृश्य: पट्टी दाबणारं बोट, जवळून]

पट्टी दाबली. एका पॅडने टेप हेडवर टेकवली, रबरी चाकाने ती सतत फिरणाऱ्या दांड्यावर दाबली, टेप खाली सरकू लागली. बोट उचललं की स्प्रिंग तिला झटक्यात वर ओढते.

टेपची लांबी साधारण 8 सेकंदांची. ती गोल जोडलेली नाही, म्हणून प्रत्येक सुराला गजाची खरी सुरुवात ऐकू येते. पेटीसारखा सूर धरून ठेवता येत नाही. मिनिटाला 60 ठोके धरले तर चार मात्रांचे दोन बार झाले की आवाज संपला! म्हणून वादक कॉर्डमधली बोटं आळीपाळीने उचलून पुन्हा टेकवतो, कोळ्यासारखी. त्या सरकण्यातून जी बारीक थरथर येते, तीच आपल्या कानाला गारवा वाटते.

[दृश्य: स्क्रूड्रायव्हर, पट्ट्यांची रांग]

प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू. एक पॅडचा, एक रबरी चाकाचा. पॅड सैल पडलं तर आवाज दबका, बसका येतो. चाक सैल असेल तर टेप घसरते आणि सूर डगमगतो. एकाच वेळी फार पट्ट्या दाबल्या की मोटरवर ताण येऊन सगळेच सूर किंचित उतरतात. टेपचा तपकिरी भुगा हेडवर साचला की वरचे स्वर मंदावतात. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, दांडाही त्यानेच. आणि थंड गाडीतून काढून थेट उबदार खोलीत नेलेलं यंत्र लगेच सुरू करू नये. धातूवर दव धरतं, टेप चिकटते.

[दृश्य: टेपची चौकट उचलून बाहेर]

चौकट अशी अख्खी निघते, दुसरी बसते. ही सोय पूर्वीच्या मॉडेल्सना नव्हती. एम-400 रंगमंचावर टिकलं ते यामुळेही.

बर्मिंगहॅमजवळचा मूळ कारखाना 1986 साली बंद पडला. मेलोट्रॉन बनवणाऱ्या ब्रॅडली कुटुंबातल्या पुढच्या पिढीने दुरुस्तीचं काम पुन्हा उभं केलं. आता हे आवाज बहुतेकांकडे संगणकातून येतात.

[दृश्य: संगणकाचा पडदा]

तसं वापरायचं असेल तर सूर न तोडता लांबवणारा पर्याय बंद ठेवा. आठव्या सेकंदाला आवाज गेला पाहिजे, तरच बोटं सरकतील.