लेतिसिया : सरकत्या नदीकाठचे शहर

बोगोटाहून निघालेले विमान सुमारे 1100 किलोमीटर दक्षिणेला, अखंड जंगलावरून उडत लेतिसियाला उतरते. कोलंबियाच्या अमाझोनास विभागाची ही राजधानी; परंतु उर्वरित देशातून इथे येणारा एकही रस्ता नाही. इथे यायचे ते विमानाने किंवा ॲमेझॉन नदीने. शेजारच्या देशात जायला मात्र चार पावले पुरतात, कारण लेतिसियाचा मुख्य रस्ता पुढे ब्राझीलच्या तबातिंगा शहराचा रस्ता होतो आणि दुकानांतून पेसो व रियाल ही दोन्ही चलने चालतात. समोर, नदीतल्या बेटावर पेरूचे सांता रोझा हे गाव आहे.

हा काठ मुळात तिकुना या आदिवासी लोकांचा. 1867 मध्ये पेरूने इथे वसाहत उभारली. पुढे 1922 च्या सालोमोन-लोझानो करारान्वये पुतुमायो आणि ॲमेझॉन या नद्यांमधला पट्टा कोलंबियाला मिळाला, आणि त्याबरोबर ॲमेझॉनचा शंभर किलोमीटरहून थोडा अधिक काठही. 1930 मध्ये लेतिसियाचा ताबा प्रत्यक्ष कोलंबियाकडे गेला. या सगळ्यात तिकुनांचे मत कोणी विचारले नव्हते, हे इथे सांगितलेच पाहिजे.

पेरूच्या लोरेतो प्रांतातील लोकांना हा करार मान्य नव्हता. ज्या नदीवर त्यांचे सारे दळणवळण चाले, तिचा काठ दूरच्या लिमा शहरातील सरकारने परस्पर देऊन टाकला होता; त्यांचा संताप समजण्यासारखा होता. 1 सप्टेंबर 1932 रोजी त्यांच्यातील सशस्त्र नागरिकांनी लेतिसियाचा ताबा घेतला आणि दोन देशांत युद्ध पेटले. स्वतःच्याच शहराकडे जायला कोलंबियाच्या सैन्याजवळ वाट नव्हती. म्हणून जनरल वास्केस कोबो यांच्या नेतृत्वाखालील ताफा अटलांटिक महासागरातून ब्राझीलमधील बेलेमपर्यंत आला, आणि तिथून प्रवाहाच्या उलट दिशेने ॲमेझॉनवर चढत गेला. एप्रिल 1933 मध्ये पेरूचे राष्ट्राध्यक्ष सांचेझ सेर्रो यांची हत्या झाली, त्यानंतर तडजोडीला वाट मिळाली. जून 1933 पासून सुमारे वर्षभर लेतिसियाचा कारभार राष्ट्रसंघाच्या आयोगाने पाहिला आणि 1934 मध्ये ते कोलंबियाला परत मिळाले.

कागदावरचा प्रश्न तिथे मिटला, परंतु नदीला तो तोडगा मान्य असायचे कारण नव्हते. दोन्ही देशांची सीमा ठरली ती नदीच्या सर्वांत खोल प्रवाहावरून; आणि ॲमेझॉन तर अँडीजमधून आणलेला गाळ टाकत, काठ कापत आणि बेटे उभारत आपले पात्र सतत बदलते. सांता रोझाचे बेट असेच गाळातून वर आले. ऑगस्ट 2025 मध्ये कोलंबियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच्यावरील पेरूचा हक्क अमान्य केला. हे बेट पूर्वीच आपल्या वाट्याला आलेल्या चिनेरिया बेटाचाच भाग आहे, असे पेरू म्हणतो.

वादाच्या मुळाशी बेटापेक्षा मोठी चिंता आहे. मुख्य प्रवाह हळूहळू पेरूच्या बाजूला सरकतो आहे, आणि तो असाच सरकत राहिला, तर नदीमुळे कोलंबियाला मोलाचे वाटलेले हे शहर नदीपासूनच तुटू शकते. नदीची पातळी वर्षभरात दहा मीटरहून अधिक चढते-उतरते. कोरड्या महिन्यांत पाणी ओसरले की धक्क्यासमोर चिखल उघडा पडतो, होड्या लांबच थांबतात, आणि केळी, मासळी, पिण्याच्या पाण्याची पिंपे माणसांच्या खांद्यावरून त्या चिखलातून शहरात येतात.