खडीच्या ढिगातली हातकुऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार.

बांधकाम काढलं की दारात पहिल्यांदा येऊन पडते ती वाळू आणि खडी. पोरं त्या ढिगावर चढतात, गुळगुळीत गारगोट्या वेचून खिसे भरतात. मीही भरायचो. आज बोलायचंय ते हा ढीग दारात येण्याच्या आधीबद्दल. नदीकाठची गोट्यांची जमीन खोदायला घेण्याआधी तिथं पुरातत्त्वाच्या माणसानं फेरी का मारावी, आणि फेरी मारतो म्हणजे नेमकं काय करतो, याबद्दल.

इंग्लंडमध्ये हे काम बरंच रुळलंय. तिथल्या पूर्वेकडच्या सखल भागात आपल्यासारखा काळा पाषाण नाही, म्हणून जुन्या नद्यांनी साठवलेले गोटे उकरून काढतात. पण पाण्याचा निचरा होणारी, पुरापासून जरा उंचावरची हीच जागा हजारो वर्षं माणसांनाही राहायला आवडत आली. म्हणजे खाणवाल्याचा आणि पुरातत्त्ववाल्याचा डोळा एकाच जमिनीवर! १९९० साली तिथल्या सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा मथितार्थ असा, की परवानगीचा निर्णय होण्याआधी जमिनीत काय दडलंय ते तपासायचं, आणि ते काम जमीन खोदू पाहणाऱ्यानं आपल्या खर्चानं करून घ्यायचं.

सुरुवात कागदांपासून होते. जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो. आता विमानातून जमिनीखालचं काय दिसणार, असं वाटेल. पण शेतकरी श्रोत्यांना हे सांगावं लागू नये. बुजवलेल्या उकिरड्याच्या जागी ज्वारी कशी हातभर उंच येते, ते तुम्ही पाहिलंय. तसंच तिथं होतं. गोट्यांच्या जमिनीत पाणी ठरत नाही, पण दोन-तीन हजार वर्षांपूर्वी कुणी खणलेला चर गाळानं बुजला असेल तर त्यात ओल टिकते. कोरड्या उन्हाळ्यात सगळं शेत पिवळं पडतं आणि त्या चराची रेघ तेवढी हिरवी राहते. वरून पाहिलं तर कुंपणं, वाड्या, रस्ते, सगळा आराखडा पिकावर उमटलेला.

मग नांगरलेल्या रानातून माणसं ठरावीक अंतर ठेवून ओळीनं चालतात, खापरं वेचतात. जागोजागी चाचणीचे चर घेतात. शेवटी यंत्र येतं, पण त्याच्या बकेटला दाते नसतात. दात्यांनी ओरखडे पडले की मातीचे रंग वाचता येत नाहीत. वरची माती पातळ पातळ सोलत नेली की पिवळसर गोट्यांत गोल काळे डाग दिसू लागतात. ते डाग म्हणजे कुजून गेलेल्या मेढी. डाग मोजत गेलात की गोल घराची भिंत पुरी होते, आणि एका बाजूला जास्त अंतर सुटलेलं असतं, ते दार.

हे झालं वरच्या मातीचं. खरी पंचाईत त्याहून जुन्या वस्तूंची, कारण त्या गोट्यांच्या थरांमध्येच अडकलेल्या असतात आणि दिसायलाही गोट्यांसारख्याच. तिथं खोदकाम चालू असताना कुणीतरी जाणता माणूस खाणीत येऊन-जाऊन लक्ष ठेवून असावा लागतो. नॉर्फोक परगण्यातल्या लिनफर्डच्या खाणीत २००२ साली असंच लक्ष ठेवताना जॉन लॉर्ड यांना एका बुजलेल्या प्रवाहाचा काळा गाळ दिसला. त्यात लोकरी मॅमथांची, म्हणजे आता नामशेष झालेल्या केसाळ हत्तींची हाडं, आणि त्यांच्या सोबत निअँडरथल या जुन्या, नामशेष झालेल्या मानवजातीनं चकमकीच्या दगडाच्या घडवलेल्या हातकुऱ्हाडी, म्हणजे दांड्याशिवाय मुठीत धरून वापरायची हत्यारं. वय सुमारे ६०,००० वर्षं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथं खडी-वाळूवर टनामागे १ पौंड ६० पेन्सचा कर सुरू झाला होता. त्या करातून उभ्या राहिलेल्या निधीनं या उत्खननाला पैसा पुरवला. खडीनंच खडीतल्या इतिहासाचं बिल भरलं म्हणायचं!

वाळू-खडी काढायची रॉयल्टी आपल्याकडेही सरकारला भरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आणि आपल्याकडचे गोटे काही मुके नाहीत. नेवासं म्हटलं की ज्ञानेश्वरी आठवते, पैसाचा खांब आठवतो. पण त्याच नेवाशाला, प्रवरेच्या काठच्या गोट्यांच्या थरांत, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांना १९५४ साली गारेच्या जातीच्या दगडांची छोटी हत्यारं मिळाली. भारतातल्या मध्य पुराश्मयुगाची, म्हणजे जुन्या दगडी हत्यारांच्या काळातल्या मधल्या टप्प्याची ओळख पटायला तिथून सुरुवात झाली. पुढं १९६६ ते १९६९ मध्ये गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन बाईंनी जवळच्या चिरकी नाल्यापाशी खोदलं. तिथं त्याहून कितीतरी जुन्या हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची हत्यारं निघाली.

आता कायदा काय म्हणतो? संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत खाणकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरवर निर्बंध. पण त्यासाठी आधी ती जागा यादीत हवी. चिरकी नाल्यावर कॉर्व्हिनसबाई पोचल्या तेव्हा तिथं कुठला निळा फलक लावलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशानंतर पाच हेक्टरांहून लहान, गौण खनिजाच्या म्हणजे वाळू-खडीसारख्या मालाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू लागली. त्यासाठी पाणी, झाडं, धूळ, सगळं तपासायचं ठरलं. मग लिलावाआधी एका जाणत्या माणसानं काठ चालून काठाच्या कापात डोकावावं, एवढं त्यात बसवायला काय जड आहे? चार दिवसांचं काम. बहुतेक ठिकाणी काहीच निघणार नाही, आणि तसं लिहून दिलं की खोदणाराही मोकळा.

एकदा एका नदीवर मी मुकादमाच्या हातात अशी हातकुऱ्हाड ठेवली. त्यानं तो दगड उलटासुलटा केला, म्हणाला, ‘‘दगडच की हो, सर.’’ मी म्हटलं, जरा मुठीत धरा. धरला. अंगठा आपोआप एका खोलग्यात जाऊन बसला. तो काही बोलला नाही, पण दगड परत द्यायला त्यानं जरा वेळ लावला.

तुमच्या ओढ्याच्या काठात असा दगड दिसला, दोन्ही अंगांनी टवके काढलेला, एका टोकाला निमुळता, तर उपसू नका. वाहून आलेल्या गोट्याच्या कडा घासून गोल होतात, याच्या कडा अजून बोटाला लागतील. शेजारी आगपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. वरून किती हात खाली आहे ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना कळवा. दगड तोवर आहे तिथंच राहू द्या.

नमस्कार.