डांबराच्या गोळ्यावर लेसर

[दृश्य: पावसाळ्यातली पुळण, भरतीच्या रेघेवर काळे ठिपके]

नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की कोकणच्या पुळणीवर डांबराचे गोळे लागतात. रापणीच्या जाळ्याला चिकटले की रॉकेलनं पुसत बसायचं. जहाजांतून सांडलेलं, टाक्या धुऊन सोडलेलं तेल लाटांत घुसळून घट्ट होतं, त्याचे हे गोळे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली, ते तेल अनेकांना आठवत असेल. पण गोळे यायला टक्कर व्हावीच लागते असं नाही.

[दृश्य: प्रयोगशाळा, काचपट्टीवर गोळ्याचा कण]

यात पीएएच नावाची संयुगं असतात, कार्बनची कडी एकमेकांना जोडलेली. कपाटातल्या डांबरगोळीतलं नॅप्थलीन दोन कड्यांचं. बेन्झो-ए-पायरीन पाच कड्यांचं, आणि त्यानं माणसाला कर्करोग होतो.

मीठ, पाणी, वाळूच्या गर्दीतून ही एवढीच वेचायची कशी?

आधी अवरक्त लेसर कणावरचे रेणू उडवतो. लगेच दुसरा, २६६ नॅनोमीटरचा अतिनील लेसर. त्याच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, ४.६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा. नॅप्थलीनचा इलेक्ट्रॉन सोडवायला लागते ८.१४. म्हणजे दोन फोटॉन हवेत. माडावर चढणारा खाचेत पाय रोवून वर सरकतो, तसा रेणू पहिल्या फोटॉनवर मधे टेकतो आणि दुसऱ्यानं इलेक्ट्रॉन गमावून आयन, म्हणजे विद्युतभारित, होतो. पाण्याला त्या उंचीवर खाचच नाही, शिवाय त्याला १२.६ लागतात. ते तसंच राहतं.

[दृश्य: पडद्यावर उमटणारी शिखरं]

मग नळीतली शर्यत. विद्युतक्षेत्राचा धक्का सगळ्यांना सारखा, म्हणून हलके आधी पोचतात. रेणूंची वजनं अशी: नॅप्थलीन १२८, पायरीन २०२, बेन्झो-ए-पायरीन २५२. सगळा खेळ मायक्रोसेकंदांचा.

याच पद्धतीनं १९९६ मध्ये एएलएच ८४००१ या मंगळाच्या अशनीत पीएएच सापडली. ती मंगळाची की अंटार्क्टिकाच्या बर्फातली, यावर मात्र भांडण जुंपलं.

आपल्या गोळ्याचंही तेच. मच्छीमार विचारतात, “कुठल्या बोटीचं?” इथं हा लेसर लंगडा पडतो. २५२ वजनाची भावंडं अनेक, ती नुसत्या वजनावरून वेगळी निघत नाहीत. आणि तेलाची ओळख पटवणारे, उन्हापावसात टिकणारे होपेन नावाचे रेणू या लेसरचा अतिनील प्रकाश शोषतच नाहीत. म्हणून संशयित टाकीतलं तेल आणि गोळा, दोन्ही मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रातून काढून होपेनची प्रमाणं ताडावी लागतात. गोव्यात दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे रासायनिक ठसे अभ्यासते.

लेसरकडून झटपट कळतं ते एवढंच, की कुठल्या पुळणीवरच्या गोळ्यात विषारी कडी जास्त उरली आहेत. साफसफाईला कामगार आधी कुठं पाठवायचे, हातमोजे कुणाला आधी द्यायचे, हे ठरवायला तेवढं पुरतं.